दिनकररावांची 'लाइन' अजून संपली नव्हती

दिनकरराव,

लखनौच्या आपल्या मराठी मंडळात तुमची शोकसभा झाली त्याला आता दोन आठवडे होतील. तुम्ही नव्हतात ते एका परीनं बरंच झालं, नाहीतर मधूनच उठून गेला असतात आणि मलाही तुमच्याबरोबर उठावं लागलं असतं. तुमच्या फोटोला घातलेला हार फोटोपेक्षा मोठा होता. अर्धी मिशी आणि चष्म्याची एक काच, एवढेच तुम्ही सभेकडे पाहत होतात. प्रमुख पाहुणे बरेच उशिरा आले. तुम्हाला भेटण्याचा योग आला नाही याचं दुःख त्यांनी इतकं लांबवलं, की ज्यांना तो योग आला होता त्यांना बोलायला वेळच उरला नाही. अध्यक्षांनी तुम्हाला 'इंग्रजीचे गाढे अभ्यासक' करून टाकलं. तेव्हा वहिनी माझ्या बायकोच्या कानाशी लागून म्हणाल्या, "मॅट्रिकला इंग्रजीतच आपटले होते हे."

मग तुमच्या नावानं 'इंग्रजी संभाषण केंद्र' काढायची घोषणा झाली. उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं यावर दोन मतं पडली. शिकवणार कोण यावर एकही पडलं नाही. शेवटी दोन मिनिटं शांतता. ती अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत मिनिटभरात उरकली, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही, उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांचे गुडघे गेलेले आहेत.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले होते. मी उठलो नाही. तुमच्याबद्दल बोलायचं तर मला एकाच शब्दाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि तो शब्द, विशेषतः कॉलेजच्या फाटकाबाहेर स्कूटर टेकवून उभी राहणारी मुलं त्याचा जो अर्थ करतात तो, हार घातलेल्या फोटोसमोर शोभला नसता. म्हणून जे तिथे बोललो नाही ते इथे. तुमची जन्मतारीख, हुद्दे, बदल्यांची गावं मंडळाच्या पत्रकात छापून आलेली आहेत. त्यातलं निम्मं चूक आहे. तुम्ही हसला असतात.

सभा सुटल्यावर वहिनी बाहेर चपला शोधत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, परवा रविवार. पोरं येतील. त्यांना काय सांगू?"

संजय शेजारीच होता. "आई, सांगायचं काय त्यात? वर्ग बंद झाला म्हणायचं."

"बंद झाला म्हणायला ते काय दुकान होतं?"

संजयचं चूक नाही. तेरावं होईपर्यंत एकट्यानं सगळं निभावलं त्यानं. पुण्यात आईसाठी वेगळी खोली करून ठेवलीय, दोघांची गुरुवारची तिकिटं काढलीत, आणि इंदिरा नगरच्या त्या घराला कुलूप लावून किल्ली कुणाकडे ठेवायची एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता. वहिनींपुढे दुसरा होता. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या, पाहुण्यांना जेवायला वाढलं, सांगितल्या जागी सह्या केल्या. पण रविवारी सकाळी गच्चीचं दार उघडायचं की नाही, याचं उत्तर मात्र त्यांना कुणी देईना. मीही दिलं नाही. "तुम्ही घ्या की हो वर्ग," असं त्या म्हणतील या धास्तीनं मी स्कूटरची किक मारत राहिलो. ती नेहमीप्रमाणे लवकर सुरू झाली नाही, आणि त्या म्हणाल्याच. मी म्हणालो, बघू.

चौऱ्याण्णवच्या थंडीत हे सगळं सुरू झालं, ते तुमच्या फोनमुळे. वर्षानुवर्षं नंबर लावून तुमच्या घरी एकदाचा फोन आला, आणि आला तो मुकाच. त्या आठवड्यात तुम्ही लाइनमनच्या मागे सायकलवरून अख्खं इंदिरा नगर फिरलात. "लाइन चेक कर रहे हैं साहब." "लाइन में फॉल्ट है साहब." "लाइन तो ठीक है, आप ही का इन्स्ट्रुमेंट..." रविवारी कॉलनीतली मुलं इंग्रजी शिकायला आली. भिंतीभिंतीवर महिनाभरात फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती होत्या, आणि फी न घेणारे असे तुम्ही एकटेच. तुमच्याकडे ना पुस्तक, ना तयारी. तुम्ही खडू घेतला आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर लिहिलंत: लाइन. तेही देवनागरीत. म्हणालात, "हा शब्द दोन रविवारांत संपवू, मग पुढचा."

त्या दोन रविवारांना वर्ष उलटून गेलं होतं, दिनकरराव.

तुमच्या वर्गाचे नियम मी जगात दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. वही आणायची नाही. डिक्शनरी बघायची नाही. आठवड्यात स्वतःच्या कानांनी तो शब्द कुठे ऐकला ते सांगायचं. आणि तुमचे चार प्रश्न: कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? कुठं? पुढं काय झालं? चौथ्याचं उत्तर नसेल तर वापर बाद. आधी कुणी न आणलेला अर्थ जो आणेल तो तुमच्या वेताच्या खुर्चीत बसायचा, आणि तुम्ही खाली सतरंजीवर, गुडघे आवळून, त्या पोराला 'सर' म्हणत.

मी पहिल्यांदा आलो तो माझ्या मुक्ताला सोडायला. म्हटलं थोडं ऊन खावं आणि निघावं. तेव्हा सेक्टरमधल्या शिंप्याची फरहीन खुर्चीत बसून सांगत होती, की बँकेत एक बाई पुढे घुसल्या, तर मागचे काका म्हणाले, 'मोहतरमा, लाइन में आइए।' पुढं काय झालं? पुढं त्या बाई म्हणाल्या, 'हम लाइन में ही थे, लाइन हिल गई।' अशी लाइन लखनौतच लागते. आमच्याकडे लाइन म्हणजे एकामागे एक उभी राहिलेली माणसं, इथे लाइन म्हणजे 'मैं तो यहीं था' हे चेहरा न बदलता म्हणता येणं. मी हसलो, आणि तुम्ही सतरंजीवरूनच मला म्हणालात, "हसायला बंदी नाही, पण बसून हसा."

मग आल्या एकेक. पोलीस लाइन. लाइनमन. 'दो लाइन लिख दीजिए', म्हणजे साहेबाच्या नावे शिफारस लिहून द्या, आणि ती दोन ओळींची असते असा अनुभव कुणालाच नव्हता. 'आप किस लाइन में हैं?', म्हणजे पोटासाठी काय करता. 'लाइन पर आ गया', म्हणजे पोरगं सुधारलं, हे इकडेही म्हणतात आणि तुमच्या कराडलाही. क्रिकेटवाली लाइन. लाइन क्लिअर. आणि ती एक, कॉलेजच्या फाटकावरची. ती आणणाऱ्या मुलाला तुम्ही गंभीरपणे चारही प्रश्न विचारलेत. चौथ्याला तो म्हणाला, "अंकल, फिर उसके भाई आ गए।" वापर मंजूर झाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी नाही, भावांसाठी.

मी कुरकुरायचो. म्हणायचो, हे काय शिकवणं आहे? एका शब्दावर वर्ष घालवलं तर भाषा यायला चारशे वर्षं लागतील. तुम्ही म्हणायचात, "मी इंग्रजी कुठं शिकवतोय? ऐकायला शिकवतोय." मी म्हणालो, हे वाक्य मंडळाच्या फलकावर शोभेल. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तुमच्या बाबतीत तो खरंच अपमान होता.

एका रविवारी पोरांकडे नवीन काही नव्हतं. वहिनी चहा घेऊन वर आल्या, कप ठेवले आणि उभ्या राहिल्या. "मी सांगू का एक?"

"सांगा मॅडम," तुम्ही म्हणालात.

"हे हवाई दलाच्या नोकरीत होते तेव्हा घरी कुणी आलं, की मी म्हणायची, साहेब लाइनवर गेलेत."

कुठली लाइन? पोरांनी विचारलं. "अरे, विमानं वळीनं उभी असतात ती. हे तिथं तपासणीला जायचे." कोण म्हणालं? "मी." कुणाला? "दूधवाल्याला." कुठं? "क्वार्टरच्या दारात." पुढं काय झालं? वहिनींनी जरा आठवून पाहिलं. "पुढं काय व्हायचंय. बोलण्यात आतलं दूध उतू गेलं."

तुम्ही उठलात, खुर्ची फडक्यानं झटकलीत आणि त्यांना बसवलंत. वहिनी लाजल्या, पण बसल्या. नोकरीतल्या माणसाची बायको म्हणून आयुष्यभर मागच्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसलेली बाई ती. उतरताना मला म्हणाल्या, "भाऊजी, ते इंग्रजी आहे हेच मला ठाऊक नव्हतं." वर्षभर येऊनही मला ती खुर्ची मिळालेली नव्हती, हे मी कुणाजवळ बोललो नाही.

माझी संधी एकदाच आली होती. बँकेनं मला शाखेतून काढून राजभाषा विभागात बसवलं. म्हणजे जन्मभर मराठीत स्वप्नं पडणाऱ्या माणसाला लखनौच्या लोकांमध्ये हिंदीचा प्रसार करायला नेमलं. त्या विभागात एक पंखा, एक कपाट आणि दर तिमाहीला एक बैठक होती. मी चार रविवार आलो नाही. पाचव्या रविवारी मुक्ता ओढून घेऊन आली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "देवधर, आज तुमच्याकडं काहीतरी आहे. उभे राहा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "लूप लाइन." मुलांना समजावलं, की स्टेशनात मुख्य रुळाच्या बाजूला एक रूळ असतो, घाईची गाडी जाईपर्यंत बिनघाईची तिथे उभी करतात. अधिकाऱ्यालाही तसंच करतात.

"कोण म्हणालं?"

"माझा जुना क्लार्क."

"कुणाला?"

"चहावाल्याला. 'देवधर साहब तो लूप लाइन में गए।'"

"कुठं?"

"बँकेच्या जिन्यात. मी वरच्या पायरीवर होतो."

"पुढं काय झालं?"

"काय होणार? ऐकलं आणि खाली उतरलो."

तुम्ही मान हलवलीत. "म्हणजे अजून काही झालेलंच नाही. वापर अर्धवट आहे. बसा खाली. झालं की सांगा."

पोरं हसली, सगळ्यात जास्त माझी मुलगी. घरी जाताना कपूरथला चौक येईपर्यंत मी रागात होतो. चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा कळलं, की गेल्या महिनाभरात ज्या गोष्टीला मी शेवट समजत होतो, तिला तुम्ही सगळ्यांसमोर अर्धवट ठरवलं होतं. सांत्वन करणारे पुष्कळ भेटले होते, बाद करणारे तुम्ही पहिले.

तुम्ही नंतर ते पुन्हा विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आता सांगतो. पुढं हे झालं, की लूप लाइनमधल्या माणसाचा रविवार मोकळा असतो आणि मी एकही रविवार न चुकवता तुमच्या गच्चीवर यायला लागलो. मंजूर करा.

त्याच विभागाच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. त्याचा एकच उपयोग होता, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो मध्ये ठेवायचा. तुम्ही गेल्यावर एका दुपारी मी तो काढला. फरहीननं 'लाइनिंग' आणलं होतं तो वाद तुम्हाला आठवत असेल. तिच्या अब्बांना एक बाई म्हणाली होती, ब्लाउजला लाइनिंग लावा. तुम्ही वापर फेटाळलात: अस्तर वेगळं, रेघ वेगळी, शब्द नुसते सारखे दिसतात. ती रडकुंडीला आली. मी तिच्या बाजूनं बोललो, मुख्यतः तुमच्या विरुद्ध बोलायला मिळतंय म्हणून. कोश म्हणतो, दोन्ही एकाच ठिकाणाहून निघाले. जवसाच्या झाडापासून. जवसाच्या खोडाचा धागा काढायचे. ताणला की ती लाइन, विणून आत लावला की अस्तर. तुमच्या ताटात दोन्ही वेळा ती कराडहून आलेली जवसाची चटणी असायची, दिनकरराव, आणि तुम्ही ती खात खात निकाल चुकीचा दिलात.

हे मी फरहीनला सांगितलं. ती म्हणाली, "तो अंकल हार गए?"

"हो."

"तो उनको बताना था ना।"

हो. सांगायचं होतं.

आणि आपलं ते मोठं भांडण. तुम्हाला मी किती वेळा म्हणालो, की या पोरांना, आपल्या पोरांना तरी, आधी मराठी शिकवा. मी मुक्ताला विचारतो, जेवलीस का, ती म्हणते, हाँ, खा लिया। मी म्हणतो, मराठीत बोल, ती म्हणते, बोल तो रही हूँ। माझ्यानंतर माझ्या घरात मराठी उरेल ती फोडणीच्या डब्यावरच्या चिठ्ठ्यांमध्ये. तुम्ही म्हणायचात, "ऐकतेय ना ती? मग बोलंल." मी म्हणायचो, कधी? शेवटच्या रविवारी फाटकापाशी तुमचा आवाज चढला होता. "तुम्हाला भाषा जपायचीय, देवधर. लोणचं जपतात. भाषा वापरतात." मी म्हणालो, हे दुसरं फलकावरचं वाक्य झालं. तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी सांगतो तुम्हाला." मी म्हणालो, सांगाच.

त्या गुरुवारी सकाळी फोन आला. तुमच्याच घरून, त्याच फोनवरून. आवाज स्वच्छ होता. हॉस्पिटलात यंत्रावर जी लाइन दिसते तो अर्थ आजवर कुणी वर्गात आणलेला नाही. मीही आणणार नाही.

तर रविवार.

मी वर्ग घ्यायला गेलो नव्हतो. मुलांना घरी पाठवायला गेलो होतो, वहिनींना ते करावं लागू नये म्हणून. वर पोचलो तर गच्चीचं दार उघडं. झाडलेलं. सतरंजी अंथरलेली. मुलं आली होती, नेहमीच्या निम्मी, आणि ती जिन्यातच उभी. पलीकडे संजय दाराला टेकून. त्याच्या हातात भलं मोठं कुलूप होतं, नवं, कागदातून अर्धवट काढलेलं.

मुक्तानं विचारलं, "काकी, क्लास होगी?"

वहिनी म्हणाल्या, "मला काय इंग्रजी येतं?"

मग फरहीन म्हणाली, "अंकल को भी कम ही आती थी।"

ती बोलून गेली आणि घाबरली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. हसत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बसा."

बसली पोरं. खुर्ची मध्ये रिकामीच होती. वहिनी सतरंजीवर एका कोपऱ्यात टेकल्या. "कुणाकडं आहे?"

फरहीनचा हात वर. "अम्मी ने खाला से कहा, इसको मेडिकल लाइन में डालेंगे।"

"मला कळलं नाही. मराठीत सांग."

फरहीननं मुक्ताकडे पाहिलं. मुक्ता म्हणाली, "काकी, आपको तो हिंदी आती है।"

"येते. भाजीवाल्याशी बोलायला येते. इथं येत नाही."

"ऐसे कैसे?"

"असंच. वर्ग माझा आहे."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, आणि संजयनं कुलुपावरून नजर वर केली.

मुक्ता हलली, पाय बदलले, माझ्याकडे बघायचं टाळलं. मग माझ्या मुलीनं, जिच्या तोंडून सलग मराठी वाक्य मी कधी ऐकलं ते मला आठवतही नाही, सुरुवात केली. "तिची आई तिच्या मावशीला म्हणाली, की हिला आपण मेडिकल लाइनमध्ये... डालू."

"घालू."

"घालू."

"कुठं म्हणाली?"

"छतावर."

"गच्चीवर."

"हां, गच्चीवर. पापड सुखवताना."

"वाळवताना. पुढं काय झालं?"

मुक्तानं फरहीनला विचारलं. फरहीन बराच वेळ काहीतरी सांगत होती. "ती नाही म्हणाली. ती म्हणाली, मला रक्त बघवत नाही. मला कपडे... म्हणजे, नवे नवे डिझाइन काढायचेत. अब्बांसारखे नाही, स्वतःचे."

"मग आई काय म्हणाली?"

"काही नाही. गप्प बसली."

"म्हणजे आईनं अजून सांगितलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "अर्धवट आहे. तिला म्हणावं, पुढच्या रविवारी येऊन सांग."

"आई," संजय म्हणाला, "पुढच्या रविवारी? आपलं तिकीट गुरुवारचं आहे."

"तुझं आहे. तू जा. तुला ऑफिस आहे."

"आणि तू इथं एकटी काय करणार?"

वहिनींनी सतरंजीकडे हात केला. "ही एवढी पोरं आहेत, तुला मी एकटी कुठं दिसते? दिवाळीला येईन चार दिवस. त्या खोलीला पडदे लावून ठेव."

संजय माझ्याकडे बघायला लागला. मी काही तरी समजुतीचं बोलावं अशी त्याची अपेक्षा होती. मंडळात मी गप्प बसलो होतो त्याचा सराव उपयोगी पडला. थोड्या वेळानं तो खाली गेला. गुरुवारी एकटाच गेला. जाताना ते कुलूप दुकानात परत करून आला, कारण तो तुमचा मुलगा आहे.

आपल्या भांडणात कोण जिंकलं ते मला ठरवता येत नाही. मुलं इंग्रजी शब्द घेऊन येतात, हिंदीत बोलायला लागतात आणि वहिनी त्यांना मराठीत खाली उतरवतात. शिंप्याची मुलगी 'वाळवताना' शिकली. माझी मुलगी अजून घरी 'खा लिया'च म्हणते, मी फार गृहीत धरलेलं नाही. पण त्या दिवशी स्कूटरवर मागे बसून तिनं मला विचारलं, "बाबा, सुखवताना आणि वाळवताना में फर्क क्या है?" मी कपूरथला चौकापर्यंत सांगत होतो. घर आल्यावर ती म्हणाली, बस, समजलं. समजलं म्हणाली, दिनकरराव, समझ गई नाही.

पुढच्या रविवारी फरहीन येऊन सांगून गेली, आई म्हणाली आहे की आधी बारावी तर हो. वापर मंजूर झाला. मग वहिनींनी ओलं फडकं घेतलं आणि टाकीच्या भिंतीवरचा तुमचा शब्द पुसला.

मुलं बघतच राहिली. मला तर कुणी कानाखाली दिल्यासारखं झालं. मी म्हणालो, "वहिनी, अहो, दिनकररावांच्या हातचं आहे ते. संपलाही नव्हता अजून. राहू द्यायचा होता."

"तो तसला शब्द संपतो होय?" वहिनी म्हणाल्या. "मी काय पोरांना त्याच्यापाशी धरून ठेवू? त्यांना पुढं जायचंय." फडकं पिळलं. "हे असते तर त्यांनीच पुसला असता. कंटाळले होते. तुम्ही सोडत नव्हता म्हणून चालला होता."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

नवा शब्द मुलांनी मतं टाकून निवडला: फिट. खडूनं वहिनींनी लिहिला, पहिली वेलांटी जरा मोठी आलीय. फरहीन लगेच म्हणाली, अब्बांच्या दुकानात दिवसभर 'फिटिंग, फिटिंग' चालतं. बाकीच्यांनी हा अन्याय आहे म्हणून आरडाओरडा केला. वहिनींनी निकाल दिला: फिटिंग चालेल, पण एकदाच.

आज बुधवार. माझ्याकडे आत्ताच तीन जमलेत. एक आमच्या राजभाषा विभागातला आहे, दुसरा सायकलवाल्याचा, आणि तिसरा अध्यक्षांनी काल फोनवर माझ्याच बाबतीत वापरला. संभाषण केंद्राचं काम मी बघावं असं त्यांना वाटतं. म्हणाले, "देवधर, त्या जागेला तुम्हीच फिट." चारही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. पुढं काय झालं, तर मी त्यांना नाही म्हणालो, रविवारी मला दुसरीकडे जायचं असतं म्हणून. मुक्ताला मी यातला एकही सांगितलेला नाही. ती विचारते आहे, मी पेपर वाचतोय असं दाखवतो. या वेळी खुर्ची मला मिळायला हरकत नाही.